दातारु, सागरु आणि व्हर्जिलची जुनी रूपे

1739 मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत तारापूर, केळवे-माहीम आणि वसई हा मुलूख पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात मोडत असे. इथल्या चर्चमधली उपासना लॅटिनमध्ये चाले. त्याच राजवटीत, दूर गोव्याच्या साष्टीत, लॅटिनमध्ये शिकलेला एक इंग्रज जेझुइट मराठी ओव्या रचत होता. 1579 मध्ये गोव्यात उतरलेले हे फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले.

आरंभीच्या नमनातच ते देवाला ‘दातारु’ म्हणतात, ‘सागरु’ म्हणतात. ‘अंत’ न लिहिता ‘अंतु’ लिहितात. हा उकार हौसेने जोडलेला नाही. संस्कृत ‘देवः’ प्राकृतात ‘देवो’ झाला, अपभ्रंशात ‘देवु’, आणि यादवकालीन मराठीत तीच पुल्लिंगी नामाची प्रथमा ठरली. 1290 च्या ज्ञानेश्वरीत अशी रूपे ठायी ठायी भेटतात. स्टीफन्स यांच्या काळापर्यंत कागदपत्रांच्या मराठीतून हा उकार ओसरला होता. ओवीने मात्र तो सोडला नव्हता. तीन चरणांचे यमक त्यावर सुरेल जुळते, आणि पुराणाला शोभणारे वजनही येते. गौड सारस्वतांच्या कोकणीत तर तो आजही जिवंत आहे.

रोमन कवी व्हर्जिलनेही जुन्या रूपांचा असाच वापर केला होता. ‘दिवाणखान्याचा’ या अर्थी त्याच्या काळचे रूढ षष्ठी रूप ‘आउलाए’. ‘एनीड’मध्ये तो एके ठिकाणी ‘आउलाई’ हे कालबाह्य, एका अक्षराने लांब रूप वापरतो. अख्ख्या महाकाव्यात अशी षष्ठी फक्त चार वेळा येते. त्याच्या आधीचा कवी ल्युक्रेशियस याने तिचा सढळ वापर केला होता. व्हर्जिलचा हा संयम अधिक मोलाचा वाटतो. पहिल्या शतकातला वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने ही रूपे टिपून, व्हर्जिलला प्राचीनतेची अतोनात ओढ होती असे नोंदवले.

मराठीत जुनी रूपे टिपण्याचे काम इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी केले. 1909 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले.

सगळीच जुनी रूपे पोथीत अडकलेली नाहीत. ‘ई’ प्रत्ययाची जुनी सप्तमी तारापूरजवळच्या बोईसरच्या बाजारातही ऐकू येते: घरी, दारी, रानी, गावोगावी. लॅटिनमध्येही जुनी सप्तमी बहुतेक नामांतून गेली, पण गावांच्या नावांत आणि मोजक्या शब्दांत उरली. ‘डोमी’ त्यांपैकीच. अर्थ, घरी.