सर्वांची लस, एकट्याची लस

१८९७ सालीं मुंबईहून देशावर निघालेल्या आगगाडीच्या उतारूंची कल्याण येथें प्लेगसाठीं तपासणी होत असे. अंगांत ताप किंवा काखेंत गांठ आढळली, कीं त्या उतारूस तेथेंच उतरवून घेत. सरकारच्या दृष्टीस रोगी दिसे तो गर्दीचा एक अंश म्हणून; आणि खरें सांगावयाचें तर त्या काळची लसही गर्दीसाठींच होती. त्याच वर्षीं १० जानेवारीस वाल्डेमार हाफकीन यांनीं आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. शेळीच्या मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडून त्यांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे व मग उष्णतेनें मारावयाचे, अशी ती कृति. (तुपाचा हा गुण आमच्या निघंटूंत नाहीं!) एका भांड्यांतील लस शेकडों दंडांत जाई, कल्याणच्या सोनाराची मात्रा ठाण्याच्या कोळ्यासही चाले.

हाफकीन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळास गेली. त्याच परळांत १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. परंतु कर्करोगापुढें ही जुनी युक्ति लंगडी पडते. प्लेगचा जंतु परका, तर कर्करोगाची पेशी घरचीच, बिघडलेली. आणि तीही प्रत्येकाच्या घरीं निराळ्या रीतीनें बिघडलेली. म्हणून रोग्याच्या गांठीची जनुकें त्याच्याच निरोगी पेशींशीं ताडून, त्यांतील फरक शरीरास ओळखावयास शिकविणारी लस एकेकट्यासाठीं घडवावी लागते. मॉडर्ना व मर्क या कंपन्यांच्या लसींत असे ३४ पर्यंत फरक गुंफतात. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १५७ रोग्यांवरील चांचणींत, नुसत्या औषधापेक्षां औषधासह ही लस घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा वा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनीं कमी आढळला.

आपल्याकडे याच घराण्यांतील दुसरा उपचार आला आहे. त्यास लस म्हणतां येणार नाहीं. रोग्याच्या रक्तांतील टी-पेशी काढून, त्यांत नवें जनुक घालून, वाढवून त्या त्यालाच परत द्यावयाच्या. मुंबईची आय. आय. टी. व टाटा स्मारक यांच्या परिश्रमांतून हा उपचार सिद्ध झाला. ४ जून २०२१ रोजीं खाडीपलीकडे खारघर येथें तो प्रथम दिला गेला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें नेक्सकार १९ या नांवानें कांहीं रक्तकर्करोगांसाठीं त्यास मान्यता मिळाली. अमेरिकेंत अशा उपचारास ३ कोटींहून अधिक रुपये पडतात. येथें सुमारें ३० ते ४० लाख. याला स्वस्ताई म्हणतात खरी! पण डोंबिवलीहून रोज उभ्यानें मुंबई गांठणाऱ्या कारकुनास तेवढ्यासाठीं राहतें घर विकावें लागेल, आणि त्याच्या नांवानें सिद्ध झालेली ती पिशवी त्याला परवडली नाहीं म्हणून शेजारच्या खाटेवरील रोग्यास देतां येणार नाहीं.