इंजिन ऑइलचा डबा किती दिवस टिकतो? जोतिबा डोंगरावर तारखेइतकीच ओलीची काळजी घ्या

जोतिबा : चैत्र यात्रा जवळ आली की वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर वर्षभर झाकून ठेवलेले जनरेटर बाहेर निघतात. पायथ्याच्या कुशिरे, पोहाळे, गिरोली, दानेवाडी परिसरात दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर ऊस वाहतुकीसाठी तयार केले जातात. दोन्ही वेळेला घराच्या माळ्यावर किंवा शेडच्या कोपऱ्यात एखादा जुना ऑइलचा डबा सापडतोच. मागच्या की त्याच्याही मागच्या साली आणलेला, कोणाला नक्की आठवत नाही. मग ठरलेलं वाक्य येतं, "ऑइलला काय हुतंय? वता की!"

बऱ्याच वेळा खरंच काही होत नाही. पण एखाद्या वेळी त्याच डब्यात पाणी उतरलेलं असतं आणि ते थेट इंजिनात जातं. डब्याच्या किमतीत बचत करायला जावं आणि ऐन गळीत हंगामात बेअरिंग, क्रँकचं काम निघून ट्रॅक्टर गॅरेजला उभा राहावा, असा हा उलटा हिशेब आहे. म्हणून डबा ओतण्याआधी काय बघायचं आणि ऑइल कसं ठेवायचं, याची ही माहिती.

सीलबंद डबा : साधारण 4 ते 5 वर्षे

इंजिन ऑइल दुधासारखं चार दिवसांत नासत नाही. सील न फोडलेला डबा सावलीत, कोरड्या जागी ठेवला असेल तर साधारण 4 ते 5 वर्षे वापरता येतो. मिनरल असो वा सिंथेटिक, डब्यातल्या मुदतीत फार फरक पडत नाही. डब्यावर उत्पादनाचा महिना, वर्ष आणि बॅच नंबर छापलेला असतो. मुदत तिथून मोजायची, दुकानातून आणलेल्या दिवसापासून नाही. दुकानातच दोन वर्षे पडून असलेला डबा घरी आणला तर तेवढी वर्षे आधीच संपलेली असतात. घेतानाच तारीख बघावी.

मुदत असण्याचं कारण साधं आहे. डब्यात नुसतं तेल नसतं. काजळी धरून ठेवणारी, झीज रोखणारी, गंज आणि फेस येऊ न देणारी रसायनं त्यात मिसळलेली असतात. फार वर्षे एका जागी राहिलं की यातली काही तळाला बसू शकतात. पाणी शिरलं तर हे बिघडणं आणखी लवकर होतं.

एकदा सील फोडलं की हिशेब बदलतो. अर्धा राहिलेला डबा बूच घट्ट लावून ठेवावा आणि सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात संपवावा. डबा जितका रिकामा तितकी आत हवा जास्त, आणि हवेबरोबर ओल येते.

डबा 'श्वास' घेतो

जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे 3 हजार फूट उंच. पावसाळ्यात इथं दिवस दिवस धुकं हटत नाही. भिंतींना ओल येते, पत्र्याला आतून घाम फुटतो. अशा ठिकाणी ऑइलचा पहिला शत्रू पाणी.

झाकण बंद असताना पाणी आत जातं कसं? ऊन पडलं की पत्र्याखालचा डबा तापतो, आतली हवा फुगते आणि बुचाच्या फटीतून थोडी बाहेर पडते. रात्री गार झालं की डबा बाहेरची हवा आत ओढतो. बुचाभोवती पावसाचं पाणी साचलं असेल तर हवेबरोबर तेही आत खेचलं जातं. रोज थोडं थोडं करत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तळाला पाणी जमतं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळं वरून बघितलं तर ऑइल स्वच्छच दिसतं.

मोठ्या ड्रममध्ये हा धोका जास्त. 210 लिटरचा उभा ड्रम उघड्यावर ठेवला की वरचा खोलगट भाग पाण्यानं भरतो आणि दोन्ही बुचं त्यात बुडतात. म्हणून ड्रम छपराखाली, लाकडी फळ्यांवर आडवा ठेवावा. दोन्ही बुचं घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी, म्हणजे एका आडव्या रेषेत यावीत. तसं केलं की आतून बुचांवर तेल राहतं आणि हवा ओढली जात नाही. उभाच ठेवायचा असेल तर एका बाजूला वीट लावून तिरका करावा, पाणी बुचांपासून लांब साचेल असा, आणि वर ताडपत्री टाकावी.

घरी, शेडमध्ये कसं ठेवाल?

- डबा थेट फरशीवर किंवा मातीवर नको. खाली फळी ठेवा.
- उन्हाची तिरीप, चूल, सायलेन्सर यांपासून लांब. दिवसा तापणं आणि रात्री गार होणं जितकं कमी, तितकं ऑइल जास्त टिकतं.
- युरिया आणि मिठाच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. ती पोती हवेतली ओल ओढून घेतात आणि जागा ओलसर ठेवतात.
- ऑइल मूळ डब्यातच राहू द्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत किंवा पिंपात साठवू नका, ऑइलमधल्या रसायनांशी जस्ताची प्रक्रिया होते.
- तणनाशकाच्या रिकाम्या कॅनमध्ये ऑइल भरू नका. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर मुळीच नको. घरात लहान मूल असेल तर ती बाटली तोंडाला लागायला वेळ लागत नाही.
- नरसाळं आणि माप वेगळं ठेवा, वापरण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसा. यात्रेच्या दिवसांत डोंगरावर गुलाल हवेतच असतो. उघडं राहिलेलं बूच, उघडं माप यातून तो ऑइलमध्ये जातो.
- डब्यावर आणल्याची आणि सील फोडल्याची तारीख रंगानं लिहा. आधी आलेला डबा आधी वापरा.

जुना डबा ओतण्याआधी तपासणी

डबा रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळातलं थोडं ऑइल कोरड्या नळीनं काढून काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. आरपार, मधासारखं दिसलं तर ठीक. दुधाळ, ढगाळ दिसलं तर पाणी आहे. तळाला गाळ, चिकट गोळे असतील किंवा आंबूस वास येत असेल तर ते इंजिनात घालू नका. जुने मिस्त्री गरम पत्र्यावर एक थेंब टाकून बघतात. तडतडलं की पाणी आहे. हे करायचं तर विस्तवापासून बाजूला, तोंड लांब ठेवून, एकाच थेंबावर.

तारीख आणि ऑइल दोन्ही चांगलं असलं तरी ग्रेड बघायची राहते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. त्यातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या धुराच्या फिल्टरला कमी राखेचं ऑइल लागतं. जुन्या ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा नव्या पिकअपला चालेलच असं नाही. दुचाकीचा क्लच बहुधा ऑइलमध्येच बुडालेला असतो, तिथं 'जासो एमए' किंवा 'एमए2' लिहिलेलंच ऑइल लागतं. ट्रॅक्टरचं ऑइल बाईकला घातलं तर क्लच घसरू शकतो. गाडीची पुस्तिका सांगेल तेच घ्यावं.

इंजिनातलं ऑइल उभ्या गाडीतही जुनं होतं

"यात्रेपुरताच चालवलाय, ऑइल नवंच हाय," असं जनरेटरबाबत हमखास ऐकायला मिळतं. पण इंजिनात गेलेल्या ऑइलला डब्याची मुदत लागू नाही. थोडा वेळ चालून बंद झालेल्या इंजिनात जळणातून आलेली वाफ आणि आम्ल ऑइलमध्ये मिसळलेलं राहतं. इंजिन पुरेसं तापत नाही, त्यामुळं पाणी उडून जात नाही. म्हणूनच पुस्तिकेत 'इतके तास किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. कमी चाललेल्या मशीनचंही ऑइल वर्षातून एकदा बदलावं.

ऑइलच्या झाकणाखाली पावसाळ्यात पांढरट थर दिसला तर बऱ्याचदा तो वाफेचा असतो. पण गेज पट्टीवरचं ऑइलच दुधाळ असेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर गॅस्केट किंवा ऑइल कूलर फुटल्याची शंका घ्यावी. इंजिन चालू न करता मिस्त्रीला दाखवावं.

ब्रेक ऑइल आणि टू-टी मिश्रण : इथं काटकसर नको

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं. पाणी मिसळलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि डोंगर उतरताना सारखा ब्रेक दाबल्यावर पाय खाली जाऊ शकतो. फोडून ठेवलेली ब्रेक ऑइलची बाटली पुढच्या वेळेसाठी राखू नये. ग्रासकटर, फवारणी पंपाचं पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रणही लागेल तेवढंच करावं आणि महिन्याभरात संपवावं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं.

खराब ऑइलचं काय करायचं?

मुदत संपलेलं पण स्वच्छ, न वापरलेलं ऑइल नांगराचे फाळ, साखळ्या, बिजागरी यांना लावायला चालतं. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल मात्र वेगळं. त्यात धातूचे कण आणि घातक रसायनं असतात. जनावरांच्या गोचिडांवर, जखमेवर ते लावू नये. ते चाटलं जातं आणि कातडीतूनही आत जातं. ओढ्यात, बांधावर ओतणं तर नकोच. डोंगरावर ओतलेलं पावसाबरोबर खालच्या विहिरींकडेच येतं. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. ते बंद कॅनमध्ये साठवून, अधिकृत गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजकडे द्यावं.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा शेडमध्ये फेरी मारावी. डब्यांची बुचं आवळावीत, तारखा लिहाव्यात, ड्रम आडवा करावा. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढं केलं तर दिवाळीला डबा उघडताना शंका राहत नाही.