ऊन सर्वांचे, गायरान कुणाचे?

सौरऊर्जा म्हणजे कालपरवाची सरकारी योजना, असे आपल्या तरुणांना वाटते. १८७२ साली अटाकामाच्या वाळवंटात, आजच्या चिलीतील लास सालिनास येथे, चार्ल्स विल्सन या अभियंत्याने उन्हावर खारे पाणी गोडे करण्याचे केंद्र उभारले. काळ्या रंगाच्या उथळ हौदांत खारे पाणी, वर तिरप्या काचा. वाफ काचेवर जमायची आणि थेंब पन्हळीत उतरायचे. दिवसाला वीस हजार लिटरहून जास्त! कुणासाठी? सोऱ्याच्या खाणींतल्या मजुरांसाठी आणि माल ओढणाऱ्या खेचरांसाठी. यात दयेचा भाग नव्हता. मजूर किंवा खेचर, कुणीही तहानेने पडले तरी माल अडणार होता. ऊन फुकट, सोऱ्याचा नफा मात्र मालकाचा.

१८७८ मध्ये मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स यानेही आरशांनी ऊन एकवटून अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालवून दाखवला. त्याच मुंबई इलाख्यात २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला. तंत्र होते, हक्क नव्हता.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीजही त्यांच्याकडेच. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरण समितीपुढे त्यांनी मालकीचाच प्रश्न ठेवला : वीज खासगी हातांत की सरकारच्या? वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण शेतीवरचा भार उतरायचा तर उद्योग हवेत, ही त्यांची मांडणी. त्याच डिसेंबरात ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. आपण मात्र त्यांना फक्त घटनेपुरते आठवतो!

आता आपला नगर जिल्हा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा सुरुवातीचा प्रकल्प राळेगण सिद्धीचा. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, याला आपला विरोध असूच शकत नाही. पण २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात पॅनेलसाठी गायरानेही घेतली जातात, आणि गायरान रिकामे असतेच असे नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनीसाठी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तरी कित्येकांचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नाही. कागदावर पडीक, प्रत्यक्षात बाजरी.

म्हणून ग्रामसभेत ठराव येण्याआधीच तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई मागा. आजोबांनी भरलेल्या दंडाच्या पावत्या पेटीतून बाहेर काढा. ठरावाची प्रत मिळाल्याशिवाय सही करू नका.

जय भीम!