शाई, गोशवारा आणि स्याहगोश

शाई आणि गोशवारा हे आपल्या कारकुनी मराठीतले रोजचे शब्द. दोन्हींचं मूळ फारसीत: ‘सियाह’ म्हणजे काळा आणि ‘गोश’ म्हणजे कान. हे दोन्ही जोडले की एका रानमांजराचं नाव होतं: स्याहगोश. त्याचं कॅराकल हे इंग्रजी नाव तुर्कीतून आलं, अर्थ तोच. दप्तरात फारसी कागद वाचण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे हे मांजर मला आधी कागदावरच भेटलं.

फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात स्याहगोशांसाठी वेगळा खाना ठेवला होता. अबुल फजलने तर ‘ऐन-ए-अकबरी’त हिशेबच दिला आहे. रोजचा शेरभर मांसाचा रतीब, दर जनावरामागे एक रखवालदार, त्याला महिना 100 दाम. 40 दामांचा रुपया, म्हणजे पगार अडीच रुपये. पूर्वी ससे-कोल्हे धरणारं हे जनावर आता काळवीटही पाडतं, हे तो कौतुकाने नोंदवतो. त्या 100 दामवाल्या माणसाने जवळ बसून या मांजराच्या किती खोडी, किती सवयी ओळखल्या असतील! त्याने सांगितलेलं एक अक्षरही मला कुठे सापडलं नाही, याची हळहळ अजून जात नाही.

2020 मध्ये अभ्यासक धर्मेंद्र खांडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मांजराच्या भारतातल्या 1616 पासूनच्या नोंदी गोळा केल्या. एके काळी 13 राज्यांत दिसलेलं हे मांजर 2001 नंतर राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेश एवढ्यातच उरलं. 2021 मध्ये त्याचं नाव केंद्राच्या खास संवर्धनाच्या यादीत आलं. मला विचाराल तर फार उशिरा.

निवृत्तीनंतर मी कच्छला गेलो. चार दिवस काटेरी झुडपांतून आणि घळींमधून हिंडलो. मांजर दिसलं नाही. एका म्हाताऱ्या मालधारीला विचारलं, तर तो लगेच म्हणाला, “हरणोत्रो.” काळवीट मारणारा. अबुल फजलने लिहिलेली गोष्ट या मेंढपाळांच्या तोंडी नाव होऊन राहिली होती. मी ऐकतच राहिलो.

त्या झुडपांना, गवताला, घळींना सरकारी दप्तरात काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. असे कागद मी पुष्कळ वाचलेत. तिथे स्याहगोश नसतो, काळवीट नसतं, मालधारीही नसतो. जमिनीच्या प्रकारापुढे एकच शब्द असतो: पडीक. आणि पडीक जमीन कुणालाही देता येते.