गोमटेशाच्या चरणांजवळील दुसरी ओळ

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर पोहोचलेल्या यात्रेकरूची दृष्टी प्रथम वर जाते. सुमारे ५८ फूट उंचीच्या अखंड पाषाणातील भगवान बाहुबलींचे मुख डोळे भरून पाहिल्यावरच ती चरणांकडे उतरते. तेथे दोन्ही बाजूंस कोरलेल्या वारुळांच्या शिळांवर काही छोट्या ओळी आहेत. त्यांपैकी दोन मराठी आहेत : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियलें’. पहिली ओळ शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. प्राचीन वास्तूवर नव्या माणसाने आपले नाव कसे लिहावे, याचा धडा मात्र त्या दुसऱ्या ओळीतच आहे.

गंगनरेश राचमल्ल यांचे मंत्री चावुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस ही मूर्ती घडविली. समोरच्या बाजूच्या शिळेवर हीच नोंद कन्नड आणि तमिळमध्ये आहे. पुढे १११७ च्या सुमारास होयसळ विष्णुवर्धनाचे सेनापती गंगराज यांनी मूर्तीभोवती सुत्तालय, म्हणजे ओवऱ्यांची पौळी, बांधविली. दोन्ही मराठी ओळी एकाच वेळी कोरल्या गेल्या की पहिली आधीची आहे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. आद्य मराठी लेखाचा मान अलिबागजवळील आक्षीच्या शिलालेखास देणारेही आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. गंगराजांच्या हाती मोठी सत्ता होती. तरीही त्यांचे नाव चावुंडरायांच्या नावाखाली आहे, आणि श्रेय घेतले आहे ते केवळ पौळीचे. शिवाय कर्नाटकातील या तीर्थावर मराठीतही लिहिले गेले. कदाचित उत्तरेकडून येणाऱ्या यात्रेकरूंस वाचता यावे, हाच त्यामागील हेतू असावा.

त्यानंतरच्या शतकांत अनेक यात्रेकरूंनी तेथील खडकांवर आपली नावे कोरली. राइस यांनी १८८९ मध्ये श्रवणबेळगोळचे १४४ लेख प्रसिद्ध केले होते; नरसिंहाचार यांच्या १९२३ च्या आवृत्तीत ती संख्या ५०० झाली. यात्रेकरूंचे हे लेख आज इतिहासाची साधने म्हणून जपले जातात आणि तेच कृत्य आज कोणी केले तर तो गुन्हा ठरतो, ही विसंगती अनेकांना खटकते. परंतु त्या काळी यात्रेची नोंद ठेवण्यास दगडाखेरीज टिकाऊ साधन क्वचितच उपलब्ध असे. आज कार्यालयात नोंदवही असते, पावती असते, स्मरणिकाही असते.

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित वास्तू विद्रूप करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठरविला होता. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोन वर्षे आणि एक लाख रुपये झाली. दंडाचे भय हे मात्र खरे कारण नव्हे. पाटीसाठी दगडात बसविलेली लोखंडी खुंटी गंजली की फुगते आणि सभोवतीचा दगड तडकविते. सिमेंटमधील क्षार पाण्याबरोबर दगडात उतरतात. तैलरंग खरवडून काढताना मूळ पृष्ठभागाचा पापुद्राही निघतो, आणि त्या पापुद्र्यावर एखादे अक्षर असेल तर ते कायमचे जाते. ‘यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरे समाजाच्या दातृत्वाची खूण आहेत हे खरे. मंदिरातील पंख्याच्या पात्यावरही ती वाचावयास मिळतात. पण त्यांची जागा धर्मशाळेच्या भिंतीवर, भोजनशाळेच्या दारावर आहे, हजार वर्षांच्या शिळेवर नव्हे. माहितीफलक हवाच असेल तर तो वास्तूपासून दूर, स्वतंत्र आधारावर आणि पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीने उभा करावा.

पाटी कोठे लावावी याइतकेच तिच्यावर काय लिहावे हेही महत्त्वाचे आहे. वेरूळची बत्तिसावी लेणी ‘इंद्रसभा’ या नावाने ओळखली जाते. तेथील गजारूढ यक्षास पूर्वी इंद्र आणि सिंहारूढ अंबिका यक्षीस इंद्राणी समजण्यात आले, आणि त्या गैरसमजातून हे नाव रूढ झाले. त्याच लेणीत भगवान शांतिनाथांच्या मूर्तीखाली ती करविणाऱ्या सोहिल ब्रह्मचारी यांचे नाव कोरलेले आहे. ते वाचण्यासाठी थांबणारा यात्रेकरू विरळाच. जैन लेणीत जिनप्रतिमा असताना सभा इंद्राची कशी, असा प्रश्न लहान मुले विचारतात आणि वडीलधाऱ्यांजवळ उत्तर नसते. रूढ झालेले नाव आता पुसता येणार नाही, पण त्याखाली यक्ष आणि अंबिका यांचा खुलासा करणारी एक ओळ निश्चित घालता येईल. त्यासाठी छिन्नी नको. अभ्यासकांचा आधार जोडलेले, पुरातत्त्व खात्याच्या नावे लिहिलेले एक निवेदन पुरेसे आहे आणि ते देणे कोणत्याही विश्वस्त मंडळास शक्य आहे.