स्मृतिरोपणासाठी हिपोकँपसचे गणिती प्रतिमान

मेंदूच्या हिपोकँपस या भागातील चेतापेशींच्या विद्युत् स्पंदांचे परस्परसंबंध समीकरणांत मांडून क्षीण स्मृतीला आधार देण्याची पद्धती. नव्या अनुभवाची टिकाऊ आठवण घडण्यासाठी हिपोकँपस लागतोच. त्याच्या सीए३ क्षेत्रातून आलेले संकेत सीए१ मध्ये नव्या आकृतिबंधात बदलतात. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील थिओडोर बर्गर, डाँग साँग व वासिलिस मार्मारेलिस यांनी हा बदल अरेखीय प्रतिमानात बसवला. अनेक पेशींच्या आधीच्या स्पंदांवरून पुढचा स्पंद केव्हा संभवतो, हे त्यातून काढता येते. स्पंद सगळे सारखेच. आशय असतो तो त्यांच्या वेळेत, आणि या कामाचे खरे मर्म तेच आहे.

या प्रतिमानाचा उंदरांवरील प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यातल्या दोन दांड्यांपैकी एक पुढे येई, उंदीर ती दाबे. काही वेळाने दोन्ही दांड्या येत. तेव्हा आधी न दाबलेली दांडी दाबली तरच बक्षीस मिळे. औषधाने सीए१ दडपल्यावर उंदीर चुकू लागले. प्रतिमानाने वर्तवलेले स्पंद विजेने पुरवताच त्यांची निवड सुधारली.

२०१८ मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठातील रॉबर्ट हॅम्पसन व सहकाऱ्यांनी याच पद्धतीच्या मानवी चाचणीचे निष्कर्ष मांडले. अपस्माराच्या निदानासाठी आधीच इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांत अल्पकालीन स्मृती सुमारे ३७ टक्क्यांनी, तर अधिक काळ टिकणारी ३५ टक्क्यांनी सुधारली. हे यश मोठे आहे, पण ते मोजक्या रुग्णांपुरते आणि चित्रे ओळखण्याच्या कसोटीपुरते. उत्तेजनाचे आकृतिबंध प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या पेशींच्या नोंदींवरून बेतले होते.