तीन मिस्सा आणि एक खाडी

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख कोणत्याही पंचांगात आधी छापलेली सापडत नाही. देवीचा कौल घेतला जातो, आणि मगच ती जाहीर होऊन मुंबईपासून गोव्यापर्यंतचे चाकरमानी रजेचे अर्ज लिहावयास बसतात. त्याच मालवण तालुक्यातील ख्रिस्ती मंडळींच्या नाताळाची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याचा दिवस शतकानुशतके ठरलेला. परंतु त्या दिवशीची उपासना कोणत्या प्रहरी, कोणत्या वेदीवर आणि कोणत्या धर्मगुरूच्या हातून व्हावयाची, याचा मेळ मात्र दरवर्षी नव्याने घालावा लागे. एका उत्सवात दिवस शोधावा लागतो, दुसऱ्यात वेळ. हा वेळेचा मेळ या किनाऱ्यावर कसा घातला जात असे, ते येथे सांगावयाचे आहे.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून, म्हणजे जन्मवाचक शब्दावरून, आपल्या भाषेत आला, आणि पाव, पगार, चावी, लिलाव यांच्या पंक्तीला बसून पुरता मराठी झाला. हा सण साजरा करणारा या भागातील समाज मुख्यतः गोव्यातून, विशेषतः बारदेशातून, उत्तरेस सरकत आला. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले. त्याची दहशत, साथीचे रोग आणि लढायांची धामधूम यांना कंटाळून अनेक कुटुंबांनी हद्द ओलांडून सावंतांच्या मुलुखात व मालवणच्या बाजूस आश्रय घेतला. पोर्तुगीज अंमलाच्या बाहेर या भागात ख्रिस्ती उपासनेची तजवीज करण्याचा एक मोठा प्रयत्नही एका एतद्देशीयानेच केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोव्याच्या दिवाडी बेटावर जन्मलेले मातेऊस द कास्त्रू यांना रोमने १६३७ मध्ये आदिलशाही मुलुखासाठी बिशपपदाची दीक्षा दिली, आणि त्यांनी डिचोली, बांदे व वेंगुर्ले येथे प्रार्थनामंदिरे उभारली. तीसुद्धा सुलतानाच्या परवानगीने आणि गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांचा रोष पत्करून. पुढे आदिलशाही गेली, मराठ्यांचा अंमल आला, मालवण कोल्हापूरकरांकडे राहिले, आणि १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे गेले. दप्तरावरील शिक्के बदलले, पण डिसेंबरातील त्या रात्रीची तयारी चालूच राहिली.

या तयारीस भाषेचेही एक जुने अधिष्ठान आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १५७९ मध्ये गोव्यात पाऊल ठेवले आणि पुराणश्रवणाला मुकलेल्या नवख्रिस्ती जनांसाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या ‘दुसऱ्या पुराणा’त ख्रिस्तजन्माची कथा आहे, आणि रविवारी व सणावारी ती इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचून दाखविली जात असे. वेदीवरील मंत्र लॅटिनमध्ये, कथा मराठी ओवीत आणि घरचे बोलणे कोंकणीत, अशी ही त्रिवेणी होती. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी कानांत मुरलेली ओवी हुकुमाने पुसली जात नाही.

आता मुख्य अडचणीकडे वळू. विशेष परवानगीवाचून धर्मगुरूने दिवसातून एकच मिस्सा, म्हणजे वेदीवरील मुख्य उपासना, करावी, असा चर्चचा दंडक होता. नाताळास मात्र मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची अशा तीन मिस्सा करण्याची मुभा प्रत्येक धर्मगुरूस होती. दुसऱ्या बाजूने, १९१७ च्या धर्मसंहितेच्या ८२१ व्या कलमान्वये मध्यरात्रीची मिस्सा केवळ मठात किंवा धर्मग्रामाच्या मुख्य इगर्जीतच होऊ शके. वाडीवरच्या लहान कपेलात ती करावयाची तर खुद्द रोमची परवानगी लागे. आणि पवित्र प्रसाद ग्रहण करणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नाही, हा तिसरा नियम. या तिन्ही नियमांचा एकत्र विचार केला म्हणजे रात्रीचे वेळापत्रक आपोआप डोळ्यांसमोर उभे राहते: बारा वाजता मुख्य इगर्जीत पहिली मिस्सा, उजाडताना एखाद्या दूरच्या कपेलात दुसरी, आणि दिवस वर आल्यावर आणखी कोठे तिसरी, आणि ती संपेपर्यंत धर्मगुरू कडकडीत उपाशी, इतका की पहिल्या दोन मिस्सांत पेला धुतलेला द्राक्षारससुद्धा त्याने प्यावयाचा नाही, तो बाजूला ठेवावयाचा.

पण हे वेळापत्रक रोमच्या ग्रंथात बसले तरी मालवणच्या भूगोलात बसले पाहिजे ना! उत्तरेस गड नदीचे मुख, मध्ये कोळंबची खाडी, दक्षिणेस देवबागेपाशी समुद्रास मिळणारी कर्ली. पूल होण्यापूर्वी पलीकडे जावयाचे म्हणजे तर किंवा होडी, आणि होडी म्हणजे भरती-ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास या किनाऱ्यावर भरती मध्यरात्रीच्या आगेमागे येते, तर अष्टमीच्या भांगाला त्याच वेळी पाणी ओसरून चिखल उघडा पडतो. २५ डिसेंबरची तिथी दरसाल साधारण अकरा दिवसांनी पुढे सरकते. म्हणजे एका वर्षी होडी सुखाने वाहून नेणारी खाडी पुढच्या वर्षी भाविकांना गुडघाभर चिखलात उतरविणार. म्हणून ग्रेगोरियन दिनदर्शिकेवर चालणाऱ्या या सणालाही तिथीचे ज्ञान लागे, आणि ते धर्मगुरूपेक्षा तांडेलाला अधिक असे. ज्या वाडीत धर्मगुरू पोहोचूच शकत नसे, तेथे क्रुसासमोर मंडळी स्वतः लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, गात. उपासना थांबत नसे.

या सर्वांचा सांधा जुळविणारी दोन माणसे होती: सांक्रिस्तांव आणि मेस्त. सांक्रिस्तांव म्हणजे इगर्जीचा सेवक. घंटा, मेणबत्त्या, वस्त्रे, गोठ्याची मांडणी, १६ डिसेंबरपासून नऊ दिवस चालणारी नोव्हेना, हे सारे त्याच्या हाती. मेस्त म्हणजे गायकवृंदाचा गुरू. १५४५ पासून गोव्याच्या गावोगाव निघालेल्या धर्मग्राम-शाळांनी स्वरलिपी व व्हायोलिन शिकवून ही परंपरा घडविली. मेस्ताची खरी कसोटी ‘ग्लोरिया’ या स्तोत्राची. आगमनकाळाचे चार आठवडे हे स्तोत्र गावयाचे नाही, वेदी फुलांविना, वस्त्रे जांभळी. आणि मध्यरात्री एकाच क्षणी पांढरी वस्त्रे, सर्व घंटांचा नाद व बंद ठेवलेला तो स्वर एकदम मोकळा व्हावयाचा. महिनाभर तालमीत गाऊनही उपासनेत न गायिलेले गाणे त्या क्षणी अचूक उठले पाहिजे. यात चूक झाली तर दुरुस्तीला वर्षभर थांबावे लागे. जुन्या काळी वर्षातील हीच एक रात्रीची मिस्सा होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या क्षणाचे वजन कळते. ईस्टरचा जागरणविधीसुद्धा १९५१ पर्यंत शनिवारी सकाळीच उरकला जात असे.

पुढे नियम सैल झाले. १९५३ मध्ये पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरले आणि संध्याकाळच्या मिस्सांस वाट मिळाली. १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला. ४ डिसेंबर १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या फर्मानाने देशी भाषा वेदीवर आल्या. खाड्यांवर पूल झाले. ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा असा सिंधुदुर्ग धर्मप्रांत सावंतवाडीस स्थापन झाला. हे सर्व इष्टच झाले. उपाशी धर्मगुरू आणि चिखलातले भाविक यांची हळहळ करण्याचे कारण नाही.

मात्र ज्यांनी चिखल, भरती आणि रोमचे नियम यांचा तीन-चारशे वर्षे मेळ घातला, त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. ती असलीच तर इगर्जीच्या जमाखर्चाच्या वह्यांत, मेणबत्त्यांच्या व होडीभाड्याच्या नोंदींत आणि मेस्तांनी हाताने उतरविलेल्या स्वरलिपीच्या चोपड्यांत असतील. समुद्राच्या दमट हवेत कागद फार टिकत नाही. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी येथील ज्या घरांत अशा चोपड्या माळ्यावर पडल्या असतील, त्यांनी त्या येत्या पावसाळ्यापूर्वी खाली काढाव्यात आणि त्यांची एक नक्कल आपल्या धर्मग्रामाच्या दप्तरात अवश्य ठेवावी.